लिलाने गोळी ओट्यावर घेतली

लिला वेडी आहे असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी माझ्याशी बोलावं. मी सुलक्षणा, गावच्या अंगणवाडीची सेविका. बावीस वर्षं एकाच खोलीत गावाची पोरं सांभाळतेय, आणि त्यातली चौदा वर्षं लिलाबाई आमची आशाताई आहे. कोणती बाई कितव्या महिन्यात, कुणाच्या पोराचा डोस चुकला, कुणाचा खोकला पंधरा दिवस हटत नाही, हे तिला तोंडपाठ. भर मे महिन्यात, भडगावचा पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, डोक्याला ओला टॉवेल बांधून ही बाई घरोघर सर्व्हे करते. तेव्हा तिला कुणी वेडी म्हणालं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला काहीतरी झालं. लोकांना कारण लागतं. नवरा मारतो का? देवचंद गवंडीकाम करतो, गरीब गाय आहे बिचारा. पोरगी पळून गेली का? तिला पोरगीच नाही. कारण नव्हतंच, बाई. पहाटे तीनला जाग यायची आणि ती भिंतीकडे बघत बसायची. भाकरीचं पीठ मळायची आणि तसंच परातीत सोडून द्यायची. एक दिवस पोरांची खिचडी वाढता वाढता मला म्हणाली, "अक्का, मरावंसं वाटतं असं नाही. पण उद्या उठूच नये असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवलं आणि जळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तासभर नीट ऐकून घेतलं आणि उदासीवरची गोळी लिहून दिली, पन्नासची, रोज एक. म्हणाल्या, सहा महिने तरी घ्यावी लागेल, मग बघू. दीड महिन्यात लिलाच्या भाकऱ्या फुगायला लागल्या आणि ती माझी टिंगल करायला लागली, तेव्हा मी समजले की बाई परत आली. गावात मात्र कुणाला कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. तो शहाणपणा माझा.

मग तिने जी चूक केली ती आशाताईच करू शकते. टीबीच्या पेशंटला गोळ्या समोर बसवून गिळायला लावायच्या, कार्डावर खूण करायची आणि कोर्स पुरा झाला की कार्ड बंद, हेच तिचं चौदा वर्षांचं काम. तिने स्वतःसाठीही घरी तसंच कार्ड केलं होतं. रोज खूण. ऑक्टोबरात एकशे ऐंशीवी खूण झाली आणि तिने गोळी बंद केली. डॉक्टरांचं "मग बघू" तिच्या कानातच गेलं नव्हतं. फोन नाही, विचारणं नाही, मलाही सांगणं नाही. कोर्स पूर्ण!

पाचव्या दिवशी आमच्या अंगणवाडीत लसीकरण होतं. लिला आली तीच पांढरीफटक. मान वळवली की डोक्यात करंट बसतो म्हणाली, मळमळतंय म्हणाली, आणि तरी यादी घेऊन उभी राहिली. आमचे उपसरपंच धनसिंगभाऊ, त्यांची सून नातवाला घेऊन आली होती. कार्ड विसरली होती, आणि वर लिलालाच म्हणाली की तुमचं लक्ष कुठे असतं. एरवी लिलाने हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी तिने यादी जमिनीवर आपटली, मोठ्याने ओरडली आणि मग सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडली. पिशवी कलंडली. ओआरएसच्या पुड्यांबरोबर उरलेल्या गोळ्यांची पट्टीही बाहेर पडली. सुनेने पट्टीचा फोटो काढला, भडगावच्या एका मेडिकलवाल्याला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आशाताई डोक्याच्या गोळ्या खाते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

जळगावच्या मॅडम तिला रागावल्या नाहीत. मीच रागावले, एसटीत, पाचोऱ्यापर्यंत. मॅडमनी समजावून सांगितलं की हा जुना आजार उलटलेला नाही आणि ही तुझी कमजोरीही नाही. शरीराला गोळीची सवय झालेली असते, ती एकदम काढली तर शरीर असं भांडतं. टीबीची गोळी कोर्स झाला की थांबते, ही पायरी पायरीने उतरवायची. आधी परत सुरू करू, तब्येत स्थिर होऊ दे, मग पन्नासची पंचवीस, मग त्याची अर्धी. घाई नाही, आणि मनाने तर अजिबात नाही.

गावात मात्र सगळ्यांनाच घाई. काही म्हणे, लगेच सोड, या गोळ्यांची नशा लागते. काही म्हणे, आता जन्मभर सुटायची नाही. एकीने अंगारा आणून दिला, दुसरीने पिंपळाखालच्या बाबाचा पत्ता. आणि धनसिंगभाऊंनी चावडीवर बोलायला सुरुवात केली की अशा बाईच्या हाती गावाची बाळंतपणं कशी द्यायची, आशा बदलायला पाहिजे. यांची सून बीए झालेली आहे, घरात बसून आहे, हे वेगळं सांगायला नको. जानेवारीपर्यंत लिला मान खाली घालून फिरली, आणि मला त्याचाच जास्त राग येत होता.

तिची मान वर केली ती झुलालने. झुलाल म्हणजे आमच्या गावातला ट्रॅक्टरवाला. त्याला टीबी झालेला होता आणि ते त्याने स्वतःच गावभर सांगितलं होतं, म्हणून नाव घेते. रोज सकाळी तो लिलाच्या ओट्यावर येऊन गोळ्या गिळायचा. दोन महिन्यांनी खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, आणि गडी यायचा बंद झाला. लिला त्याच्या घरी गेली आणि दारातच त्याला झापलं, की गोळी मनाने सोडायची नसते, मधेच सोडली तर आजार दुप्पट होऊन येतो. झुलाल ऐकत राहिला आणि म्हणाला, "तूबी त सोडी दिधी व्हती ना, आशाताई?"

तिला वाटलं तो टोमणा मारतोय. तो मारत नव्हता. तो खरंच विचारत होता. लिला म्हणाली, हो, सोडली होती, आणि त्याची काय फळं भोगली ते सगळ्या गावाने पाहिलंय. झुलाल म्हणाला, "मंग पहिले तू ले, मंग मी लेसू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला, रस्त्याला लागून असलेल्या ओट्यावर, दोघं समोरासमोर बसायला लागले. तांब्या मधे. आधी लिला आपली गोळी गिळायची, मग झुलाल आपल्या. शाळेत जाणारी पोरं बघायची, दूध घालायला निघालेली माणसं बघायची. पहिल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, अगं, आतल्या खोलीत बस की, शोभा कशाला करून घेतेस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळूनच टाकलं.

फेब्रुवारीत पंचवीस झाली. पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. विचित्र स्वप्नं पडायची, देवचंदवर विनाकारण खेकसायची आणि मग त्यालाच चहा करून द्यायची. तो बिचारा म्हणायचा, ओरड, पण गोळी डॉक्टरांना विचारून कमी कर. मग तीही पायरी अंगवळणी पडली. एप्रिलात पंचवीसची अर्धी झाली. ब्लेडने गोळी कापताना तुकडा उडाला की ती अशी काही शिवी हासडायची की झुलालसारखा ट्रॅक्टरवाला लाजायचा.

आणि एक मेची ग्रामसभा आली. आशा बदलण्याचा विषय धनसिंगभाऊंनी घालून घेतलाच. आदल्या दिवशी मी लिलाच्या घरी गेले. हात जोडले. म्हटलं, उद्या विचारतील, तर बंद झाली म्हणून सांग. आता राहिलीय किती, चिमूटभर तुकडा! महिन्या-दोन महिन्यांनी खरंच बंद होणार आहे, मग आज म्हटलं तर काय बिघडलं? एका शब्दासाठी चौदा वर्षांचं काम घालवतेस? ती तांदूळ निवडत राहिली.

ग्रामपंचायतीसमोर मांडव होता, त्याच्यातही चटके बसत होते. धनसिंगभाऊ गोड बोलले, ते नेहमी गोडच बोलतात. लिलाताईंबद्दल आदर आहे, पण गावाच्या लेकरांचा प्रश्न आहे. मग ते तिच्याकडे वळले. "ताई, एवढंच सांगा. गोळी चालू आहे का बंद?"

मी मनात म्हणत होते, बंद म्हण, माय माझी, बंद म्हण.

लिला उठली. तिचा पदर घामाने भिजला होता, पण आवाज हलला नाही.

"भाऊ, या गावात कुणाला कसली गोळी चालू शे, ते बठ्ठं, सगळं माझ्या वहीत आहे. कोण तोंड बांधून कुठल्या दवाखान्यात जातं, तेही मला माहीत आहे. चौदा वर्षांत एकाचंही नाव माझ्या तोंडून गेलं नाही, आणि उद्या तुम्ही मला काढलं तरी जाणार नाही. मी माझं तेवढं सांगते. माझी गोळी चालू आहे. थोडी राहिली आहे. सुटली तर सुटली. परत लागली तर परत घेईन, आणि ओट्यावरच घेईन."

ती खाली बसली. ग्रामसेवक म्हणाला, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. मांडवात दीडशे माणसं होती. बायका एकमेकींकडे बघेनात, पुरुष चपलांकडे बघत होते. आपलं ठेवायचं झाकून, अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमच्या गावाची जुनी सवय, पण त्या दिवशी वाकायला कुणाची हिंमत होईना. धनसिंगभाऊंनी स्वतःचा हात अर्धा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि कान खाजवला. पुढचा विषय नळपट्टीचा होता.

लिलाची गोळी जूनच्या शेवटी बंद झाली. पण नसती झाली तरी मी हे असंच लिहिलं असतं, तिची लाज वाटून नव्हे, माझी वाटून. त्या वहीत माझंही नाव आहे. सात वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता. माहेरी आई आजारी आहे म्हणून दोन महिने रजा काढली, आणि परत आल्यावर उरलेले चार महिने मी लिलाच्या घरी मागच्या दाराने जाऊन गोळ्या गिळल्या. अ‍ॅसिडिटीच्या आहेत असं घरात सांगितलं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी तिला खोटं बोल म्हणून गळ घालत होते, तेव्हाही तिने मला त्याची आठवण करून दिली नाही. तांदूळ निवडत राहिली.

तर आता मीच सांगितलं. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी यावं, मी सकाळी नऊपासून अंगणवाडीत असते.