पितळी काटा

बंदराच्या मागच्या गल्लीत बोटींची घड्याळं आणि बॅरोमीटर विकणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काटेमास्तर म्हणत. काटे हा त्यांचा धंदा. आणि मास्तर अशासाठी, की शिकवल्याशिवाय ते गिऱ्हाईकाच्या हातात वस्तू देत नसत. माणूस ताटकळला तरी चालेल, पण काटा कसा वाचायचा ते त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सुटका नाही. "तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तोंडी परीक्षा," असं त्यांची बायको हयात असताना म्हणायची. दुसरी खोड याहून वाईट. मालाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमत नसे. एखाद्या घड्याळाची स्प्रिंग थकलेली असली, तर कुणी विचारण्याआधीच सांगून मोकळे. अशाने दुकान वाढतं थोडंच! पण चाळीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. म्हातारपणी त्यांच्याकडे एवढीच काय ती कमाई होती.

त्या सकाळी दोघी मायलेकी दुकानात आल्या. आईचा नवरा मच्छीमार, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. नऊ वर्षांपूर्वी तो वादळात बोटीसकट गेला होता. आता मुलीने स्वतःची बोट घेतली होती आणि आईला तिच्यासाठी काहीतरी घ्यायचं होतं.

"मला ते टोले देणारं पितळी घड्याळ हवंय," मुलगी म्हणाली. "हवेचं काय, फोनवर कळतं."

"आत समुद्रात फोनला रेंज असते का गं? मास्तर, हिच्या बाबांना दिला होतात ना, तसाच बॅरोमीटर द्या. घड्याळाला वेळ कळते. बाहेर पडावं की नाही, ते कुठे कळतं?"

मास्तरांची कळी खुलली. त्यांनी तीन बॅरोमीटर टेबलावर मांडले. पहिला देखणा, पण भिंतीवर मिरवण्यापुरता. दुसऱ्याची तबकडी इतकी लहान, की डुलत्या बोटीत आकडे दिसायचे नाहीत. "हा तिसरा घ्या," म्हणत ते त्याची काच पुसू लागले.

आई वाकून बघत होती. "अगदी तस्साच! त्यांच्या बोटीतला मी रोज पहाटे पुसायची. ते निघायच्या आधी सगळी केबिन चकाचक करून द्यायची. आणि हे दोन काटे मेले कायम फाकलेले. काळा एकीकडे, पितळी दुसरीकडे. मला बघवायचं नाही. मग मधलं बटण फिरवून पितळी काटा काळ्यावर नीट आणून ठेवायची. हिच्या बोटीची साफसफाईही मीच करणार हो!"

मास्तरांचा हात थांबला.

काळा काटा हवेच्या दाबाने हलतो. पितळी काटा नुसता खुणेचा. संध्याकाळी तो काळ्यावर आणून ठेवायचा आणि पहाटे बघायचं, की काळा त्या खुणेच्या खाली किती उतरला. फार उतरला असेल, तर वादळ येतंय, बोट काढायची नाही. तिच्या नवऱ्याकडून हे मास्तरांनीच पाठ करून घेतलं होतं. त्या पहाटे तो केबिनमध्ये शिरला असेल, दोन्ही काटे एकावर एक पाहिले असतील आणि निर्धास्त निघाला असेल.

मुलीला शिकवलं, तर आईला कळणार. नाही शिकवलं, तर उद्या हिच्याही बोटीत तेच फडकं फिरणार. घड्याळच गळ्यात मारून मोकळं व्हावं, असंही वाटून गेलं. पण पोरीला बॅरोमीटरशिवाय समुद्रावर पाठवायला त्यांचा जीव धजेना.

"वहिनी, शेजारी दोरवाल्याकडे जरा बसता का? हिला दोन गोष्टी समजावतो."

"मीही ऐकते की! मला काय अक्कल नाही?" ती हसून म्हणाली.

मग मास्तरांनी शिकवलं. नजर मुलीवरून ढळू न देता, भराभर. शेवटी आवाज उतरला. "आणि पितळी काटा तुझ्याशिवाय कुणी हलवायचा नाही. कुणीही नाही."

आईने वाकून तबकडीवरचे दोन्ही काटे पाहिले.

"मास्तर," आई म्हणाली, "रात्रीतून काळा खाली गेला, आणि पहाटे कुणी पितळी त्याच्यावर आणून ठेवला, तर काहीच कळणार नाही. हो ना?"

मास्तर पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागले. ती स्टुलावर बसली. आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मुलगी "आई, आई" करत होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. मास्तरांना ते पाहवेना.

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो बॅरोमीटर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. दाब ओळखणारी आतली डबी फुटलेली. काळा काटा उगाच फिरायचा, हवेशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. मी आळस केला. दुरुस्त न करताच 'झालाय' म्हणून संध्याकाळी परत दिला. तुम्ही काटे कुठेही ठेवले असतेत, तरी काही फरक पडला नसता."

यातलं अक्षरही खरं नव्हतं. पण काटेमास्तर खोटं बोलतील असं तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

ती सावकाश उठली. चेहऱ्यावर रक्त परत आलं. "नऊ वर्षं," ती म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही रस्त्यात दिसलात की मी नमस्कार करत आले!" आणि मुलीचं मनगट धरून तिला ओढतच बाहेर पडली. बॅरोमीटर टेबलावरच राहिला.

आठवडाभर दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. नंतर शेजारचा दोरवाला आत आला.

"मास्तर, ती बाई धक्क्यावर तुमच्या नावाने खडे फोडतेय. अहो, लोक विश्वास ठेवतायत! जाऊन सांगा तरी काहीतरी."

"पोरीने बॅरोमीटर घेतला का?"

"घेतला, पलीकडच्या दुकानातून. आईला हातही लावू देत नाही म्हणे."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ती रडत होती का रे?"

"रडतेय कसली! चारचौघांत शिव्या घालत होती तुम्हाला."

"मग घालू दे," मास्तर म्हणाले.