पडणारी काच

आमचे हे काचा बसवतात. खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आरसे, पडेल ते काम. काचेची दुसरी बाजू मी धरते. वीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी पहिली काच उचलताना मला भीती वाटते. होईल सवय, असं सासरे म्हणाले होते. त्यांना झाली असेल, मला नाही झाली.

सासऱ्यांनीच मला लग्नानंतर चौथ्या दिवशी या धंद्यातला पहिला नियम सांगितला. पडणारी काच धरायची नाही. हात सोडायचे आणि मागे सरायचं. काच दुकानात पुन्हा मिळते. हे तर तो नियम ऐकत लहानाचे मोठे झाले, आणि मोडला तो ह्यांनीच. का, तर कराटे.

चाळिशीत पाठ आखडायला लागली म्हणून हे व्यायामाला गेले आणि तिथेच रमले. गॅरेजमागच्या हॉलमध्ये साठीच्या एक बाई शिकवतात. अंगाने काडी, पण आवाज असा की माझ्यासारखीनेही गप्प बसावं. त्यांचा एक सराव होता. समोरचा माणूस न सांगता हातातली काठी सोडणार, आणि ती जमिनीला लागायच्या आत आपण पकडायची. ह्यांना ते फार आवडलं. घरात डब्याचं झाकण घरंगळलं, चमचा निसटला, की हे हजर. मीही हसायचे, मुद्दाम वाटी सोडून बघायचे. तेव्हा हसले त्याची आज लाज वाटते.

कराटेच्या तिसऱ्या वर्षी एक साधा हातभर आरसा ह्यांच्या हातून सुटला. आणि ह्यांनी तो पकडला. हातमोज्याच्या जरा वर, मनगटावर कापलं. हे रक्ताकडे बघत नुसते म्हणत होते, "हात कधी गेला ते मलाच कळलं नाही गं."

डॉक्टरांनी अंगठा हलवणारी शीर जोडली. पुन्हा तिथेच कापलं तर अंगठा कामाचा राहणार नाही, असं तोंडावर सांगितलं. पाच महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली. त्यानंतर कामावर माझं लक्ष काचेकडे राहिलंच नाही. मी ह्यांच्या मनगटावरचा तो पांढरा वण बघत राहायचे. स्वप्नातसुद्धा काचेचा आवाज यायचा आणि मी ह्यांचा हात चाचपायचे.

बाईंशी भांडायला मी एकटीच गेले होते. तोंड सोडायचं ठरवूनच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "काठीचा सराव मी सगळ्यांना देते. हा माणूस दिवसभर हातात काय धरतो, ते आधी विचारायला हवं होतं."

एवढं म्हटल्यावर भांडणार कोणाशी? मी म्हटलं, "मग आता कराटे बंद."

"बंद करून हात विसरतील का? त्यांचे हात पायांच्या आधी निघतात. ते मी शिकवलं. पायांनी आधी निघायचं आणि बोटांनी सोडायचं, हे माझ्यापेक्षा वरच्या मजल्यावर चांगलं शिकवतात. दर बुधवारी मीसुद्धा जाते. नाहीतर या वयात जागच्या जागी खांब झाले असते."

वरच्या मजल्यावर जोडीने करायचा नाच शिकवत. ह्यांना जोडीदार म्हणून मी. नसतं खूळ, म्हटलं, पण भीती माणसाला काय काय करायला लावते. तिथला मास्तर गाणं मध्येच बंद करायचा. गाणं थांबलं की बोटं उघडायची, डावा पाय मागे, आणि जोडीदाराला कमरेपाशी धरून वळवत बरोबर न्यायचं. ह्यांनी पहिला महिना माझी बोटं तुडवली. खाली बाईंनीही सराव उलटा केला. काठी सुटली की ती पडू द्यायची, ह्यांनी फक्त पाऊल टाकायचं. पहिल्या आठवड्यात ह्यांचा हात दर वेळी पुढे जायचा. बाकावर बसून मी ते बघायचे. सहा महिन्यांनी हात जायचा थांबला. निदान काठीकडे तरी.

मग एका दुकानाचं काम आलं. पाच फूट रुंद, सात फूट उंच काच. आदल्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी खांद्याला खांदा लावून आम्ही दोघांनी काच उचलली. एका हातात काचेला चिकटवलेली रबरी मूठ, दुसरा हात खाली कडेला. माझ्या तोंडात एकच शब्द तयार होता. निसटली की ओरडायचं, "सोडा." काच चौकटीला टेकवायला चार बोटं उरली होती, आणि ह्यांच्या बाजूची रबरी मूठ फस्स करून सुटली.

काच तिरकी झाली. मी वणाकडेच बघत होते. शब्द फुटलाच नाही. ह्यांची बोटं उघडली, हे स्पष्ट दिसलं. पुढचं कळलं ते एवढंच, की मी गर्रकन वळले होते, माझं नाक ह्यांच्या शर्टात होतं आणि मागे सगळी काच खाली आली.

मी ह्यांचा हात ओढला. मनगट, अंगठा, सगळं धड होतं. मला रडू फुटलं. हे मात्र पांढरेफटक. माझाच हात धरून माझं एकेक बोट उघडून बघत होते.

"माझं काय बघताय?" मी म्हटलं.

"मी सोडली होती," हे म्हणाले. "तू धरलीस."

मी खाली बघितलं. हातमोजा तळव्यावर आडवा फाटला होता. आत कातडीवर एक लाल रेघ, केसाएवढी. मला काही आठवत नव्हतं. पण का धरली, ते मला लगेच कळलं. ह्यांनी धरू नये म्हणून.

आता बाई काठी माझ्यासमोर सोडतात आणि बाकावर हे बसतात. ह्यांचा चेहरा मला बघवत नाही. काल पाच वेळा सोडली. तीन वेळा ती माझ्या हातात होती.