काकांचा डावा हात

त्या गुरुवारी दुपारी मी आणि काकू डोंबिवलीहून ठाण्याला गेलो, ते फक्त एका डग्ग्यासाठी. पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा अठरा-एकोणीसची असेन. काल इथे जुन्या रेकॉर्डींच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, टर्नटेबलची आधी सुईची कार्ट्रिज बदलू की अ‍ॅम्प्लिफायर... आणि माझं मन थेट त्या दुपारी जाऊन बसलं.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका तबला वाजवायचे. मी लहान असतानाच ते विषमज्वराने गेले, आणि काकू आमच्याकडे राहायला आली.

काकांची मागे राहिलेली एकच वस्तू, एक रेकॉर्ड. तिच्यावर गाणाऱ्या बाईंचं नाव ठळक छापलेलं, साथीला कोण ते कुठेच नाही. साथीला काका होते, हे फक्त आमच्या घराला ठाऊक.

आमचं मशीन चावीचं, पेटीतलं. त्यावर बाई ऐकू यायच्या, उजव्या तबल्याच्या काठावरची चाट टणटणीत ऐकू यायची, पण डाव्या हाताचा डग्गा... त्याचं नावच नको. काकू म्हणायची, "उजवा हात आहे गं, डावा कुठे गेला?"

ते मशीन खोलून-जोडून मी स्वतःच शिकले होते. घरातली वस्तू बिघडत राहिली की हाताला आपोआप अक्कल येते. त्यामुळे काकांचा डावा हात शोधायचं काम माझ्याकडे आलं.

आधी सुया बदलून पाहिल्या. मोठ्या आवाजाच्या पोलादी सुया आणल्या, तर गाणं सगळ्या चाळीला ऐकू गेलं आणि काळ्या रेकॉर्डवर राखाडी झाक आली. मग कोणीतरी म्हणालं, बाभळीचा काटा लावून बघ. लावला... आवाज सायीसारखा मऊ झाला, रेकॉर्ड खरवडणं कमी झालं, पण डग्गा काही सापडला नाही.

मग कल्याणच्या एका कारागिराकडून सुईचा आवाज मोठा करणारा नवा साउंडबॉक्स बसवून आणला, आत अभ्रकाची पातळ चकती असलेला. काकूने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "बाई घरात येऊन बसल्या, पण हे गेले अंगणात."

खरं दुखणं वेगळंच होतं. रेकॉर्ड दर खेपेला झिजत होती आणि दुसरी प्रत कुठे मिळत नव्हती. डावा हात सापडायच्या आधी उजवाही जाणार, ही धास्ती काकूच्या तोंडावर दिसायची.

त्याच सुमारास बाबांनी रेडिओ घेतला. रेडिओला विजेवरचा पिकप, म्हणजे रेकॉर्डवर टेकवायची सुईची दांडी, जोडला की खर्जाचा आवाज निघतो, असं कळलं. ठाण्याला दामूअण्णा म्हणून रेडिओ दुरुस्त करणारे बाबांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे ऐकून बघायचं आणि बरा वाटेल तो पिकप न्यायचा, असं ठरलं.

दामूअण्णांनी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली. "वहिनी, ही थकलीय. पिकप वजनाला जड आहे. एखाद वेळ लावीन, पण बाईंचा आवाज फाटला तर मला बोल लावायचा नाही."

"फाटू दे. बाईंचं मला काय करायचंय?" काकू म्हणाली.

अण्णा हसले. त्यांनी सुई टेकवली आणि टोनचं बटण हळूहळू खाली आणलं. बाईंचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला... आणि त्याच्या खालून डग्गा आला. घुमला, थेट छातीत. कपाटावरचा रिकामा कप बशीत किणकिणायला लागला.

काकू स्टुलावर ताठ बसली होती. मला वाटलं आता रडेल. पण तिच्या कपाळाला आठी पडली, आणि गाणं संपेपर्यंत ती तशीच राहिली.

"हात दुखतोय ह्यांचा," ती म्हणाली.

अण्णा गोंधळले. "मला तर वाजवणं झकास वाटलं, वहिनी."

"तुम्हाला वाटणारच. हळद तुम्ही कुठे लावली होती?"

मग तिने सांगितलं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी विहिरीवर पाणी ओढताना काकांचं डावं मनगट लचकलं होतं. काकू म्हणाली, जाऊ नका. ते तिने लावलेला हळदीचा लेप घेऊन गेले, आणि परत आल्यावर म्हणाले, अजिबात दुखलं नाही, उलट बाई खूश झाल्या.

"मनगट दाबून आवाज वर चढवायचे ना, तिथे नुसते टेकतायत," काकू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "खोटं बोलले गं. गाणंभर दुखत होतं."

अण्णांनी पिकप उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग हाच पिकप बांधून देऊ?"

"नको. राहू दे."

"का? हवा तो आवाज तर मिळाला."

"मिळाला. पण लावू तेव्हा ह्यांचं मनगट दुखायचं. एकदा ऐकलं, पुरे." तिने रेकॉर्ड स्वतःच्या हाताने कागदी पाकिटात घातली.

पुढे कितीतरी वर्षं काकू ती रेकॉर्ड त्याच चावीच्या मशीनवर ऐकत राहिली, बाभळीचा काटा लावून, नुसता उजवा हात. अधूनमधून सणावारी. पण गाण्यातल्या एका ठरावीक जागी, जिथे आम्हाला कोणालाच काही ऐकू यायचं नाही, तिथे ती पदराखाली स्वतःचं डावं मनगट चोळायची...

तिला ते कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. बरंच केलं, असं आता या वयात वाटतं.