विचारलं तिला होतं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. विषय निघाला की चहाचं निमित्त काढून उठायचो.

माझ्या बायकोच्या मानेला लग्नाआधीपासून झटके यायचे आणि घशातून कबुतरासारखा आवाज निघायचा. ते तिच्या हातात नव्हतं. मी घनसावंगीला शाळेत शिक्षक. पंगतीत सहकारी म्हणायचे, "गुरुजी, वहिनी हाका मारून राह्यल्यात, जा की." मीही हसायचो आणि घरी आल्यावर तिच्याशी बोलायचो नाही.

नव्वद सालानंतर कळलं, औरंगाबादेत एक डॉक्टरबाई गोळ्यांशिवाय, सरावानं हे आटोक्यात आणायला शिकवतात. आम्ही गेलो. बाई म्हणाल्या, झटक्याआधी किंवा आवाजाआधी आतून एक उबळ येते. ती आली की झटक्याच्या किंवा आवाजाच्या उलट काहीतरी करून तो थोपवायचा. पण एका वेळी एकच.

"आधी कोणतं, ते पेशंटनं ठरवायचं. आम्ही आता प्रत्येकाला हेच विचारतोय. आजवर कुणी विचारलंच नाही." मग तिच्याकडे वळून, "ताई, जास्त त्रास कशाचा होतो?"

तिनं पदर सावरून माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे दवाखान्यात बाया आधी नवऱ्याकडेच बघतात.

"आवाजाचा," मी म्हणालो.

"त्यांना बोलू द्या."

"हे म्हणतात ते बराबर हाय," ती म्हणाली.

भाकरी थापता थापता उबळ आली की ती बाईंनी शिकवल्याप्रमाणे तोंड मिटून नाकानं संथ श्वास घ्यायची. काही महिन्यांत आवाज जवळजवळ गेला. पंगतीतली थट्टा थांबली. मानेसाठी बाईंनी पुन्हा बोलावलं होतं. मी म्हणालो, आता काय गरज?

पुढे तिची मान आखडली, हाताला मुंग्या यायला लागल्या. एका संध्याकाळी मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकत होतो.

"आवाजाचं मला काय बी नव्हतं," ती म्हणाली. "दुखायची ती मान."

"मंग तवा बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलले ना."

आवाजात राग नव्हता. पुरचुंडी गरम करायला मी उठलो. तव्यापाशी उभं राहून शब्द जुळवले: विचारलं तुला होतं, बोललो मी, चुकलं माझं. परत येऊन पुरचुंडी तिच्या मानेवर ठेवली.

"लई गरम न्हाई ना?" मी विचारलं.

ती जाईपर्यंत रोज शेकत राहिलो आणि रोज एवढंच विचारत राहिलो.