लाली गेल्यावरचं लोखंड

आई गेली आणि तिच्या कुंड्या अंगणात पसरून राहिल्या. त्यांच्यासाठी लोखंडी स्टँड करायचा म्हणून मी नानांकडून वेल्डिंग शिकते आहे. नाना म्हणजे माझे वडील; ते आयुष्यभर वर्कशॉपमध्ये होते.

आज काळी काच वर केली, तेव्हा जोड लालबुंद होता. बघता बघता तो काळवंडला, बाजूच्या थंड पट्टीसारखा दिसू लागला. मी हातमोजा काढून बोट पुढे केलं, तसे नाना ओरडले, "अगं, थांब! लाल असतं तोवर सगळे जपतात. भाजतं ते काळं पडल्यावर. आधी हात नुसता जवळ नेऊन बघायचा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, "नाना, बरं वाटलं बघून. सावरलात आता!"

सुरुवातीला हेच काका नानांसमोर आईचं नावसुद्धा जपून घ्यायचे.

"हो," नाना म्हणाले आणि खाली वाकून पट्ट्या नीट लावत बसले. त्या आधीच नीट होत्या.

मी उघडा हात त्यांच्या पाठीजवळ नेला. टेकवायचा धीर झाला नाही.