तीन किलोचा ब्रेकर, नऊ किलो गॅस

"भालेराव, ही सही तुमचीच ना?"

देशमुख साहेबांनी फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली. सही माझीच होती. सहा वर्षांच्या सगळ्या सर्व्हिस रिपोर्टांवर होती, आणि प्रत्येक रिपोर्टात ‘गॅस लीकेज’ या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘निल’.

"लीकेज निल. ब्रेकरमध्ये गॅस मावतो तीन किलो. आणि स्टोअरमधून सहा वर्षांत गेला नऊ किलो. मग बाकीचा कुठं गेला?"

प्रश्न मला विचारला होता, पण साहेब बघत होते रफीकभाईंकडे.

चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीतली ही गोष्ट. देशमुख तिथले प्लांट हेड. मी बाहेरचा माणूस, ब्रेकरची देखभाल करणारा सर्व्हिस इंजिनिअर. सय्यद रफीक हे प्लांटचे इलेक्ट्रिशियन. त्यांच्या रिटायरमेंटला तीन महिने राहिले होते. त्या खोलीत चार खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ते उभे होते.

ब्रेकर म्हणजे तुमच्या घरातल्या एमसीबीचा थोरला भाऊ. बिघाड झाला की वीज तोडतो. पण तेहतीस हजार व्होल्टची वीज तोडताना मोठी ठिणगी पडते. ती विझवायला ब्रेकरच्या तीन पोलमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या उभ्या खांबांमध्ये, एक गॅस भरलेला असतो, सल्फर हेक्झाफ्लोराइड. आम्ही एसएफ-सिक्स म्हणतो. रंग नाही, वास नाही, पेट घेत नाही. आमच्या कामाला इतका सोयीचा की त्याच्याबद्दल वाईट विचार करायची कुणाला सवयच नाही.

बाहेर एक गेज असतो. सुई हिरव्यात म्हणजे गॅस पुरेसा. पिवळ्यात आली की अलार्म. लालमध्ये गेली की ब्रेकर चालायचाच बंद. चांगला ब्रेकर वर्षानुवर्षं हिरव्यात राहतो. हा दर तीन-चार महिन्यांनी पिवळ्यात यायचा, म्हणजे कुठंतरी गळत होता. पण गळती शोधायला पोलजवळ जावं लागतं, आणि चालू लाइनवर तिथं गेलेला माणूस परत येत नाही. त्यासाठी शटडाउन पाहिजे, आणि फाउंड्रीच्या भट्ट्या बंद करायला कुणी तयार नसतं.

पहिल्या वर्षी मी रिपोर्टात ‘लीकेज आहे’ असं लिहिलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी तो परत पाठवला. "क्लीन रिपोर्ट द्या, शटडाउन दिवाळीत बघू." दिवाळी आली आणि गेली. मी क्लीन रिपोर्ट द्यायला लागलो.

पुढचं सांगायला लाज वाटते. मीच रफीकभाईंना सांगून ठेवलं होतं की मी यायच्या आदल्या दिवशी टॉप-अप मारून ठेवत जा. खालच्या व्हॉल्व्हमधून चालू ब्रेकरमध्येही गॅस भरता येतो. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं तसं ते नेमानं भरून ठेवायचे. मी जायचो, सुई हिरव्यात बघायचो, ‘निल’ लिहायचो, चहा प्यायचो. आमच्या लायनीत हे सगळेच करतात. हे काही माझं समर्थन नाही.

आता परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, तुमच्या कारखान्यातून तापमान वाढवणारे कोणते वायू किती सुटतात? त्यांच्या यादीत एसएफ-सिक्सही होता, म्हणून स्टोअरच्या चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या रफीकभाईंच्या नावावर. गॅस महाग, गळती निल. हिशेब सरळ होता, माणसानं बाहेर विकला.

"बत्तीस साल झाले साहेब," रफीकभाई म्हणाले. "बल्बचं एक होल्डर घरी न्हेलं नाय." मग माझ्याकडे वळले. "भालेराव साहेब, तुमी तरी बोला की."

मी लगेच बोललो नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे. मी माझ्या कॉन्ट्रॅक्टचा विचार करत होतो. बाकीच्या कंपन्यांत ही गोष्ट गेली तर काय, याचा विचार करत होतो. तेवढ्या वेळात रफीकभाईंची मान खाली गेली.

"रिपोर्ट खोटे आहेत साहेब," मी म्हणालो. "गळती पहिल्या वर्षापासून आहे. मला माहीत होती."

"सहा वर्षं? आणि तुम्ही निल लिहिता?"

"हो."

"आता कशावरून खरं बोलताय?"

"एक तास शटडाउन द्या. दाखवतो."

सहा वर्षं न मिळालेला शटडाउन त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मिळाला. चोर पकडायला सगळ्यांना वेळ असतो. लाइन बंद केली, अर्थिंग केलं, मी गॅस हुंगणारा डिटेक्टर घेऊन शिडीवर चढलो. तिसऱ्या पोलच्या खालच्या जोडाशी नळी नेताच तो टिटि करायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे. आतली रबराची रिंग कडक होऊन चिरली होती. शोधायला वीस मिनिटं लागली.

रफीकभाई खाली शिडी धरून उभे होते.

"म्हणजे हवेत गेला," देशमुख साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला होता. "नऊच किलो ना? एवढ्यानं काय होतंय?"

मी सांगितलं. उष्णता धरून ठेवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त. एक किलो सुटला म्हणजे साधारण दहा हजार लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. नऊ किलो म्हणजे नव्वद हजार लिटर. शिवाय तो झाडं शोषत नाहीत, पावसात धुऊन जात नाही. हजार वर्षं तरी वर राहतो.

साहेब कंपाउंडच्या कडेनं लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाला पाठवायच्या फाइलीत त्या रोपांचे फोटो होते.

"चोरी निघाली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "निदान हा गॅस आपल्या नावावर तरी आला नसता."

हे ते रफीकभाईंच्या समोर म्हणाले.

रिंग आठवड्याभरात बदलली. सुई तेव्हापासून हिरव्यात आहे म्हणतात. गिऱ्हाइकाला काय कळवलं ते मला माहीत नाही, कारण माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात गेलं. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की रफीकभाईंची कुणी साधी माफीही मागितली नाही. चौकशी बंद, एवढाच कागद त्यांच्या हातात दिला. निरोप समारंभाला ते गेले नाहीत.

मी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, नातीला सलाम करायला लावलं. मी माफी मागितली.

"तुमी खरं बोल्ले साहेब, मेहेरबानी," ते म्हणाले. "पर लई उशीर केला." मग कप खाली ठेवत, "तो गॅस आता कुठं असंल हो?"

"वरच आहे. सगळा."

"भरला तर मीच की आपल्या हातानं." त्यांनी नातीकडे बघितलं. "मला चोर म्हणले ते गॅस बाहेर इकला समजून. ह्या पोरीनं उद्या मोठी होऊन चोर म्हणलं तर काय सांगू?"

हल्ली मी जिथं जातो तिथं गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडरचं वजन करतो आणि किती ग्रॅम भरला ते रिपोर्टात लिहितो. त्यामुळे दोन कामं सुटली आहेत. उशिरा का होईना, खरं बोललं की माणूस सुटतो. गॅस परत येत नाही.