ईस्टरच्या सकाळचा जिना

दुखण्याच्या मलमाचा उग्र वास आला की मला माझगावच्या चाळीतली ईस्टरची ती सकाळ आठवते. अपघातात मोडलेल्या माझ्या पायाचं प्लास्टर कधीच निघालं होतं, पण जिन्याची अशी धास्ती बसली होती की मी घराबाहेर पडतच नव्हते. त्या सकाळी आईने पायाला मलम चोळलं आणि म्हणाली, “प्रभू सोबत आहे गं. पण पाऊल तुलाच टाकायचंय.” मी कठडा धरला आणि “येशू, सांभाळ” म्हणत एकेक पायरी उतरले. अंगणात पोचले तशा शेजारच्या मावशी गॅलरीतून ओरडल्या, “उतरली रे आपली पोरगी!” अख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये मी उभं राहून, अगदी मोठ्याने गायले. आज मी शाळेत मुलींना धावायला शिकवते.